आरसा फिरवणारी

संगमरवराची मूर्ती हलत नाही, एवढं एक बरं. बाकी सगळा झगडा उजेडाशी. रोममधल्या ज्या संग्रहालयात मी मूर्तींचे फोटो काढायचो, तिथे देवीच्या कोनाड्यात ऊन पोचत नसे. माझी बायको नुन्झियाता आरशाने ऊन तिच्यावर पाडायची. कॅमेऱ्यातल्या काचेवर चित्र उमटेपर्यंत आरसा हळूहळू फिरवत राहायची. सतत हलत असल्यामुळे चौकटीत आली तरी ती स्वतः कधी उमटली नाही.

"हिचं बरंय," देवीकडे बघून म्हणायची. "स्वयंपाक नाही, खोकला नाही, आणि माझा नवरा दिवसभर समोर."

शेवटच्या खेपेला तिच्या अंगात ताप होता. मध्येच ती देवीच्या पायाशी बसली.

"ऊठ गं, चौकटीत आलीस."

"असू दे. तुझी देवी काही रागावत नाही."

त्याच आठवड्यात ती गेली.

पुरून आल्यावर मी ती काच नीट पाहिली. देवी स्वच्छ होती. पायाशी एक धुरकट डाग. शाल, गुडघे, मांडीवरचा आरसा. चेहरा नव्हता, कारण खोकताना तो हलत होता. तिचं दुसरं चित्र कुठेच नाही.

फोटो विकणारा एर्कोले काच बघायला आला.

"सेत्तिमिओ, हे खाली काय?"

"नुन्झियाता."

त्याने टोपी काढली, थोड्या वेळाने परत घातली. "देव तिला शांती देवो. पण गिऱ्हाइकाला पुतळा हवा, बाबा. नेहमीसारखा भोवती काळा रंग फास."

काचेवर रंग फासला की कागदावर तेवढी जागा कोरी राहते, आणि मूर्ती एकटी दिसते. आम्ही सगळे तसंच करायचो.

"मी दुसरा काढून देतो."

"संग्रहालयाची परवानगी संपली. आणि आरसा कोण धरणार?"



सकाळी खिडकीशी बसून रंग कालवला. सवयीने कुंचला देवीच्या खांद्याच्या कडेला टेकवला. मग कडेच्या आत वळवला. खांदे, छाती, वस्त्राच्या चुण्या, सगळं काळं केलं. काचेखाली कागद घालून उन्हात ठेवला. कोनाडा आला, त्यात एक कोरी आकृती, आणि तिच्या पायाशी नुन्झियाता.

"देवी कुठेय?" एर्कोलेने विचारलं.

"आहे तिथेच. जाऊन बघ."

"डोकं फिरलंय तुझं," म्हणाला, आणि परत आला नाही.

कागद मी पलंगासमोर लावलाय. चेहरा मला आठवून भरावा लागतो. हल्ली तोही नीट आठवत नाही.