गोळ्यांची सारखी वाटणी

समजा, आत्ता या क्षणी तुमच्या डाव्या कोपराला खाज सुटली आहे. थोडीशीच, मुंगी चालावी तशी. खाजवायचं नाही हं! आता ती मनगटावर आली, तिथून मानेवर गेली, मग पापणीवर जाऊन बसली. अजूनही खाजवायचं नाही. बघा, कुणीतरी खाजवलंच! आता अशी खाज दिवसभर, रात्रभर आणि वर्षातले दहा महिने आहे असं समजा. म्हणजे पायलच्या आजीचं काय होत होतं ते तुम्हाला कळेल.

पायल अकरा वर्षांची. तिचं गाव ढाणकीपासून दोन कोसांवर, आणि आजीचं नाव सत्यभामा. त्या दोन-चार वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. बोंडं किडायची, भाव पडायचा, आणि कितीतरी शेतं न पेरता तशीच पडून राहायची. माणूस पेरत नाही तिथं गाजर गवत आपणहून येतं. कमरेएवढं उंच, वर पांढरी पांढरी फुलं. दिसायला गोजिरवाणं, पण वाऱ्याबरोबर त्याची बारीक पूड उडते आणि काही माणसांची कातडी नुसती पेटते. आजीचे हात म्हशीच्या पाठीसारखे खरबरीत झाले होते. कापूस वेचायला जाताना ती हातांत मोजे चढवायची. ते पायलचे शाळेचे मोजे होते.

शाळेत बाईंनी विचारलं, "पायल, मोजे कुठं आहेत?"

"कापूस वेचाले गेले, बाई."

तर अशा त्या गावात एक दिवस यवतमाळहून डॉ. शाल्मली आल्या. त्या सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शरीर आपलं आपल्याशीच का भांडतं आणि कोणत्या गोळीनं ते भांडण मिटतं, याचा त्या शोध घ्यायच्या. जे सापडेल ते लिहायच्या, आणि ते जाडजूड इंग्रजी मासिकात छापून यायचं. पायलनं एक मासिक उलटंसुलटं करून पाहिलं. चित्रं नव्हती. नुसत्या जिन्यासारख्या रेघा.

"याच्यात गोष्ट नाई काय, मॅडम?"

"आहे की. पण शेवट काय होणार ते लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून एकेक गोष्ट लिहायला तीन तीन वर्षं लागतात."

मग त्यांनी आजीचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. "रानडुकरं हाकलायला शेतात जागल्या बसतो ना? तसे आपल्या अंगात लाखो जागले असतात. रोगाचा जंतू आला की ते त्याला हाकलतात. पण आजींच्या जागल्यांना गवताची पूडच रानडुक्कर वाटते. मग ते डबे बडवतात, टेंभे पेटवतात, धावाधाव करतात. डुक्कर नसतंच. शेताचा मात्र सत्यानाश."

"मंग झोपवा ना त्याहिले!" आजी म्हणाली.

"पार झोपवलं, तर खरं डुक्कर येईल तेव्हा कोण उठणार? त्यांना जरा शांत बसवायचंय. दुसऱ्याच आजारावरची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. ती या खाजेवर चालते का, ते मला बघायचंय."

गावात अशी खाज असलेली वीस माणसं निघाली. मॅडमनी प्रत्येकाला महिनाभराच्या तीस गोळ्यांची, आकडा घातलेली एक बाटली दिली. दहा बाटल्यांत औषधाची गोळी, दहांत साधीच, पिठाची म्हणा ना. दिसायला दोन्ही सारख्या, चवीला सारख्याच कडू.

"कोणात कोणती हाये?" शेजारच्या हंसाबाईनं विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. यादी यवतमाळला, बंद पाकिटात, कुलपात आहे."

"बाप्पा! डॉक्टरीण असून मालूम नाई? आमचा मेडिकलवाला बरा मंग!"

मॅडम हसल्या. "मला माहीत असलं तर माझेच डोळे मला फसवतील. जिला औषध दिलंय तिची कातडी मला उगाच बरी दिसायला लागेल. म्हणून मीही आंधळी, तुम्हीही आंधळ्या. तीन महिन्यांनी पाकीट उघडू."

सगळ्यांनी कबूल केलं, सह्या केल्या, अंगठे दिले. आजीसाठी पायलनं एक वही केली. दिवा लावल्यापासून जेवणापर्यंत आजी कितीदा खाजवते, ते रोज मोजायचं आणि लिहायचं. पहिल्या दिवशी आकडा आला त्रेसष्ट.

आता गंमत ऐका. या गावात बायकांचा एक गट होता आणि गटाचा एकच नियम होता: जे येईल ते सारखं. मिरचीचं पोतं आलं तरी सारखं. लग्नातला एकच बुंदीचा लाडू उरला, तर तोही दोऱ्यानं कापून सारखा. रविवारी बुद्धविहारासमोर गट बसला, बाटल्या घेऊन वीसही जण आले, आणि सत्यभामा आजीनं आपली बाटली समोर ठेवली.

"दहाजणाले औषध आन दहाजणाले पीठ? उलट्यासुलट्या वाटण्या लय पाह्यल्या आपण या जन्मात. आता नाई पाह्यच्या. ओता वं परातीत!"

बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या झाल्या. उकंडा नावाचा एक म्हातारा आपली बाटली छातीशी धरून मागेमागे सरकत होता. "माही राहू द्या ना माह्याजवळ."

"काहून? तुह्यातच औषध हाये असं सपन पडलं काय?" हंसाबाई म्हणाली, आणि उकंडाची बाटली परातीत उपडी झाली.

आजीनं दोन्ही हातांनी गोळ्या कालवल्या, पीठ कालवावं तशा. मोजून मोजून प्रत्येकाला पुन्हा तीस. मोजायला कोण? पायलच. तिला ते फार आवडलं. कुणालाच कमी नाही, कुणालाच जास्त नाही.

"मॅडमले सांगजो नको बरं," आजी म्हणाली. "एवढ्या दुरून येते बिचारी. वाईट वाटन तिले."

दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या आणि दर महिन्याला परात भरली. मॅडम रिकाम्या बाटल्या पाहायच्या, एकही गोळी उरलेली नसायची. "इतकं शिस्तीचं गाव मी पाहिलं नाही," त्या म्हणायच्या, आणि बायका पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायच्या.

तीन महिने झाले. मॅडम आल्या त्या उतरलेल्या तोंडानंच. विहाराच्या ओट्यावर बसल्या.

"पाकीट उघडलं. औषधवाले दहा आणि पीठवाले दहा, सगळे सारखेच. थोडे थोडे बरे. गोळी नापास झाली."

आजीच्या वहीतला आकडा त्रेसष्टवरून पन्नासवर आला होता, आणि तिथंच अडला होता. पायलनं विचारलं, "आता काय करान, मॅडम?"

"लिहीन. ही गोळी या खाजेवर चालत नाही, असं छापून येईल."

"नापास झालेलं बी छापतेत काय?"

"छापायलाच हवं. नाहीतर आणखी कुणी त्याच गोळीमागे तीन वर्षं धावेल. छापलं की ठिकठिकाणचे डॉक्टर वाचतील आणि ही गोळी बाजूला ठेवतील. सोमवारी पाठवते."

पायलनं आजीच्या हातांकडे पाहिलं. आजी बोलता बोलता कोपर खाजवत होती, तिला कळतही नव्हतं. गोळी खरंच बरी असली तर? मग ती आता कुणालाच मिळणार नव्हती. आजीला नाही, हंसाबाईला नाही, आणि ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा लोकांनाही नाही. पायल तोंड उघडणार, तेवढ्यात आजीनं मांडीला चिमटा काढला.

"आई गं!" पायल उठून उभी राहिली. "मॅडम, गोळी नापास नाई झाली. तिची परीक्षाच नाई झाली! आम्ही सगळ्या गोळ्या परातीत कालवल्या. म्याच मोजून वाटल्या."

मॅडमचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "तिन्ही महिने?"

"तिन्ही," पायल म्हणाली.

"चुगलखोर!" हंसाबाई पुटपुटली.

"तिले काही म्हणू नका," आजी एकदम म्हणाली. "परात माही होती. अन मॅडम, म्या चोरी नाई केली. वाटणी केली. एकीच्या तोंडात औषध, दुसरीच्या तोंडात पीठ, अन दोघी एका बांधावर बसून भाकर खातात. असं आमच्यानं होत नाई."

मॅडमनी आजीची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी तुम्हाला सांगितलं सगळं, पण तुम्हाला पटलं का ते विचारलं नाही. पण आजी, कालवलं तर काहीच कळत नाही हो. आणि तुम्ही कालवणारच असाल तर मला परत जावं लागेल."

"मंग जा," आजी म्हणाली खरं, पण म्हणतानाच तिनं मान खाजवली.

पायल मात्र शाळेतल्या झोक्याचा विचार करत होती. झोका एक आणि पोरं वीस. गेल्या साली सगळी एकदमच चढली तेव्हा दोर तुटला होता. तेव्हापासून पाळी लावली होती.

"पाळी लावा ना, मॅडम! आधी दहाजण खरी गोळी खातील अन दहाजण पिठाची. मंग उलटं. सगळ्याहिले दोन्ही भेटन. कालवाची गरजच नाई."

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "अशी पद्धत असते," त्या हळूच म्हणाल्या. "मध्ये काही आठवडे गोळी बंद ठेवायची, म्हणजे आधीच्या गोळीचा असर निघून जातो, आणि मग अदलाबदल."

"असते? मंग आधीच काहून नाई केली?" हंसाबाईनं पकडलंच.

"वेळ दुप्पट लागतो म्हणून."

"टाइम बख्खळ हाये आमच्याजवळ. कापसाचा भाव वाढाची वाटच तर पाहून राह्यलो!"

आता मॅडमही हसल्या. सगळ्या आजीकडे बघू लागल्या. आजीनं बोटं मोजली, आधी इकडून, मग तिकडून. "पाळी म्हंजे सारखंच झालं," ती शेवटी म्हणाली. "चालन. पण आधी कोण, हे कोण ठरवन?"

"कुणीच नाही," मॅडम म्हणाल्या. "कोणत्या आकड्याला आधी काय द्यायचं, ते यवतमाळला बंद पाकिटात राहील. इथं फक्त कुणाला कोणता आकडा, ते चिठ्ठीनं."

महिनाभरानं नव्या परवानग्या घेऊन, नवे कागद भरून मॅडम परत आल्या. आकडे लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, पडल्या. चिठ्ठी कुणी काढायची, यावर वाद झाला नाही. खरं बोलणारी पोरगी एकच, असं उकंडा म्हणाला, आणि हंसाबाईनंही मान डोलावली.

पहिलं नाव सत्यभामा आजीचं. आजी वाकून पायलच्या कानाशी कुजबुजली, "पोरी, माह्यासाठी जराशी चांगली पाहून काढजो वं."

पायलनं आजीकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. तिनं डोळे घट्ट मिटले, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि गंजात हात घालून बोटांना लागली ती पहिली चिठ्ठी उचलली.