पाहुण्यांसाठी राखलेली गार हवा

मी एसी बोलतोय. विश्रांतवाडीच्या तात्याराव ओव्हाळांच्या पांढऱ्या गाडीतला. एरवी माझं बोलणं म्हणजे नुसती घरघर. ती ऐकायची तर आधी मला चालू करावं लागतं, आणि ते या घरात फारसं कुणी केलंच नाही. म्हणून आज शब्दांत बोलतो. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. पुण्यात वाढलोय.

माझा जन्म चाकणच्या बाजूला एका कारखान्यात झाला. माझं शरीर तुम्हाला एका जागी सापडणार नाही. इंजिनाशेजारी पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हे माझं काळीज. गाडीच्या नाकाशी एक कॉइल, डॅशबोर्डाच्या पोटात दुसरी, आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या. नळ्यांतून गॅस फिरतो आणि गॅसबरोबर थोडं तेल. लोक नुसतं गॅस गॅस करतात, पण मला धडधाकट ठेवतं ते तेल. मी चाललो की तेल फिरतं आणि माझी रबरी सीलं ओली राहतात. मी पडून राहिलो की तेल खाली बसतं, रबर कोरडं पडतं, चिरतं, आणि गॅस कुणाला न कळता निघून जातो. पडून राहिलेल्या माणसाच्या सांध्यांचंही असंच काहीतरी होतं म्हणतात.

गाडी घेतली तेव्हा तात्याराव पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. ओव्हाळांच्या साऱ्या भावकीत ही पहिली गाडी. शोरूममधून ती थेट विहारापुढे आली. राधाबाईंनी, म्हणजे तात्यारावांच्या पत्नीने, बोनेटवर फुलं ठेवली, वंदना झाली, आळीत पेढे वाटले गेले. तात्याराव एका खोलीत सात माणसांबरोबर वाढलेले. वस्तू जपली की टिकते, ही त्यांची श्रद्धा. ती टंचाईतून आलेली, म्हणून तिला मी हसत नाही. पण सोफ्यावर प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक, आणि गाडीच्या सीटांवरचं कारखान्यातलं प्लास्टिक उन्हाने तडकून माणसांच्या पाठीला टोचेपर्यंत तसंच, हा सगळा प्रकार मी जवळून पाहिलाय.

माझ्याबद्दलचा नियम पहिल्याच आठवड्यात ठरला. "एसी पाहुण्यांना," तात्याराव म्हणाले. कपाटातल्या चांगल्या कपबशा पाहुण्यांना, तसा मीही पाहुण्यांना. घरच्यांना काचा.

राधाबाई घरच्यांत मोडायच्या. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघायच्या, कपाळ आणि मान भिजून जायची, पदराने पुसून पुसून गळा लाल व्हायचा. बायकांना त्या वयात असं होतं, हे मला मागच्या सीटवर बसणाऱ्या बायकांच्या गप्पांतून कळलं. तात्यारावांना इतक्या वर्षांच्या संसारातून कळलं नव्हतं.

एका बुद्धपौर्णिमेची गोष्ट. वैशाखातली दुपार. राधाबाई पांढऱ्या साडीत, मांडीवर खिरीचं पातेलं. येरवड्याच्या सिग्नलला गाडी अडकली होती आणि शेजारी एक ट्रक धूर ओकत उभा होता.

"अहो, जरा एसी लावता का? जीव घाबरा होतोय."

"काच खाली घे. वारा येईल."

"वारा कुठाय? धूर येतोय."

"मग माथेरानला स्थळ बघायचं होतं," तात्याराव म्हणाले. वर म्हणाले, "एसी लावला की ॲव्हरेज पडतं."

राधाबाईंनी काच खाली घेतली. त्यांचा हात माझ्या बटणापासून वीतभर लांब होता. तो पुढे आला नाही. मला तात्यारावांचा राग आला आणि खरं सांगायचं तर राधाबाईंचाही आला. बटण तर आहे बाई, दाबा की, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. पण नवऱ्याने नको म्हटलेल्या वस्तूला हात लावायची त्यांना सवय नव्हती. खिरीवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी पातेल्यावर पदर धरला आणि विहारापर्यंत तशाच घाम गाळत बसल्या.

त्यांची एकुलती लेक शर्मिला. तिचं वारज्यात लग्न ठरलं, तेव्हा माझी चंगळ झाली. व्याही मंडळींना आणायला गाडी गेली. भर श्रावण, बाहेर छान गारवा, तरी मी पूर्ण जोरात. विहीणबाई पुढे बसल्या. राधाबाई मागे, दोन पाहुण्यांच्या मध्ये चेपून. माझा झोत त्यांच्यापर्यंत पोचायचा तोवर कोमट व्हायचा.

"तुमचा एसी भारी आहे हो," विहीणबाई म्हणाल्या.

"नवाच आहे. आम्ही वापरतच नाही ना," तात्याराव म्हणाले. एवढा अभिमान त्यांच्या आवाजात मी लेकीच्या पदवीलाही ऐकला नव्हता.

पुढे व्याह्यांनी स्वतःची गाडी घेतली आणि माझे पाहुणे संपले. उन्हाळे आले, गेले. मी डॅशबोर्डामागे पडून होतो. तेल तळाला बसलं, काळजाच्या पुढचं सील कोरडं पडलं. घासून, झिजून मेलो असतो तर ते मानाचं मरण होतं. मी मेलो जपणुकीने. मधल्या वर्षांत राधाबाईंच्या अंगातल्या वाफा आपोआप थांबल्या आणि त्यांचं मागणंही थांबलं. तात्यारावांना वाटलं, हिला सवय झाली.

मग राधाबाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं, यंत्राला लागून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि पिळून काढल्यासारखं घरी यायचं. त्यात चैत्र लागला.

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, आईला उन्हाधुळीतून नेऊ नका," शर्मिला म्हणाली. "आता तरी एसी लावा."

"लावतो की. अशा वेळेसाठीच तर जपून ठेवलाय," तात्याराव म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. बाकी काही नाही तरी ते बटण नवंकोरं होतं. पंखा सुरू झाला, पण माझं काळीज हललं नाही. इंजिनाची गरम हवा राधाबाईंच्या तोंडावर गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईला मी इतकी वर्षं एक झुळूक द्यायला तरसलो, तिला मी पहिली दिली ती झळ.

आळंदी रस्त्याला समर्थचं गॅरेज आहे. पोरगा कामात बरा, पण एक डोळा सतत फोनवर. तात्यारावांनी त्याला जवळजवळ जाबच विचारला.

"वापरलाच नाही तर बिघडेल कसा?"

समर्थने दाब मोजायच्या दोन घड्याळांचा संच आणला, एक निळं, एक लाल, आणि त्यांच्या नळ्या माझ्या नळ्यांना जोडल्या. दोन्ही काटे तळाला चिकटून राहिले.

"गॅसच नाहीये काका. प्रेशर एवढं लो आहे की कॉम्प्रेसर उचलणारच नाही. लीक असणार कुठेतरी. शोधायचं तर गाडी दिवसभर ठेवावी लागेल."

"दुपारी दवाखाना आहे आमचा. नुसता गॅस भर."

"भरतो. टिकला तर टिकला. बरोबर रंग सोडतो, म्हणजे पुढच्या वेळी गळती दिसेल. आणि काका, काचा बंद ठेवा. उघड्या ठेवल्या तर काय, सगळ्या पुण्याला गार करत बसाल."

गॅस आत आला आणि मी शुद्धीवर आलो. दोन-तीन फेऱ्या मी बरा चाललो. पण चिरलेलं सील कुणी बघितलंच नव्हतं. एका दुपारी दवाखान्यातून परतताना, वाहतूक तुंबलेली असताना, मी पुन्हा थंडावलो, म्हणजे तापलो. तात्यारावांनी काचा बंद ठेवल्या. समर्थने सांगितलं होतं ना. "येईल आता गार, थांब जरा," ते म्हणत राहिले आणि बटण बंद-चालू करत राहिले. गाडीची भट्टी झाली. वर्षानुवर्षं ज्या काचा उघडायला सांगितल्या, त्या नेमक्या त्या दिवशी उघडायचं त्यांना सुचलं नाही.

राधाबाईंची मान एका बाजूला कलली. तात्यारावांनी दोनदा हाक मारली. मग दार उघडून ते रस्त्यात उतरले, मागून भोंगे वाजत असताना त्यांनी चारही दारं उघडली आणि बाटलीतलं पाणी राधाबाईंच्या तोंडावर मारलं. एका रिक्षावाल्याने मदत केली. राधाबाईंनी डोळे उघडले. "घाबरू नका," त्या तात्यारावांना म्हणाल्या. स्टिअरिंगवर परत आल्यावर तात्याराव दोनदा गिअर चुकले, आणि त्या माणसाचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी समर्थकडे नेऊन सोडली. "हवा तेवढा वेळ घे," म्हणाले आणि रिक्षाने घरी गेले. संध्याकाळी आले तेव्हा समर्थने त्यांना बोनेटखाली वाकवलं आणि निळ्या उजेडाची बॅटरी धरली. माझ्या काळजाच्या पुढच्या तोंडाशी हिरवट डाग चमकत होता.

"हे बघा. सील. कोरडं पडून चिरलंय. किती वर्षं लावला नव्हता?"

तात्याराव डागाकडे आणखी वाकले.

"थंडीपावसातपण आठवड्यातनं दहा मिनिटं फिरवायचा असतो काका. तुम्ही एकटे नाही, पेन्शनरांच्या निम्म्या गाड्या मला अशाच येतात. एकदम नवीन, एकदम बंद," समर्थ म्हणाला आणि फोन वाजला म्हणून बाजूला गेला.

तात्याराव त्या हिरव्या डागाकडे बघत तसेच वाकून उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मला कळलं नाही. गाडीत बसणारी माणसं मला कळतात, बोनेटसमोर उभी राहणारी नाही.

सील बदललं. तेल नवं भरलं. पंप लावून माझ्या नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली, काटा खाली गेला तो तिथेच थांबतो का हे बराच वेळ पाहिलं, आणि मग वजनकाट्यावर तोलून गॅस भरला. मी असा चाललो की जाळीवर दव धरलं. "फ्रिज झालाय काका," समर्थ म्हणाला.

त्या दिवसापासून तात्याराव बदलले. म्हणजे माझ्याबाबतीत बदलले. आता राधाबाईंचं दवाखान्यातलं संपायच्या आधीच ते गाडी सावलीत लावतात, इंजिन चालू करून मला पूर्ण जोरात सोडतात. त्या येऊन बसतात तोवर आत मार्गशीर्ष झालेला असतो. सगळे झोत त्यांच्या अंगावर वळवलेले. मग ते माझ्या जाळीपुढे तळहात धरतात, गारवा नीट येतोय ना बघतात आणि विचारतात, "लागतंय ना गार?"

"हो. छान वाटतंय," राधाबाई म्हणतात.

छान वाटत नाही. यंत्रावरून उठलेल्या त्या बाईच्या अंगात आता ऊबच उरलेली नाही. रक्त पातळ झालंय, नखं निळसर पडतात. बाहेर चाळीस अंशांचं ऊन असलं तरी तिला हुडहुडी भरते. त्या पदर कानांवरून घेतात, दोन्ही पावलं सीटवर ओढून घेतात आणि दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून बसतात. मी हे सगळं अगदी समोरून बघतो. त्यांच्या अंगावरचा काटा माझ्याच झोताने येतो.

एकदा शर्मिला बरोबर होती. तात्याराव औषधं आणायला मेडिकलमध्ये गेले होते, इंजिन चालू, मीही चालू. मागून तिने आईचा हात धरला आणि दचकली.

"आई, बर्फ झालाय हाताचा. बाबांना सांग ना बंद करायला."

"नको."

"मी सांगते."

"अजिबात नाही," राधाबाई म्हणाल्या. "या माणसाने मला न मागता आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिलंय, शर्मे. नको म्हटलं तर त्यांना लागेल. त्या दिवशी रस्त्यात कसे घाबरले होते, तू नव्हतीस. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. जातो निघून."

"आणि तुला काही झालं तर?"

"व्हायचं ते होऊन गेलंय."

शर्मिलाने आपली ओढणी आईच्या खांद्यांवर टाकली आणि तात्याराव आले तेव्हा खिडकीबाहेर बघत बसली. या घरात मागायला नाही, तर गप्प बसायला शिकवतात, लेकही शिकली.

मला मात्र स्वतःहून बंद होता येत नाही. माझी तब्येत आता उत्तम आहे. गॅस भरलेला, तेल फिरतंय, काटे जागच्या जागी. ज्या बाईसाठी मी चालायला हवा होतो, ती बाई वाफा सोसून सोसून कधीच पुढे निघून गेली, आणि मी आता तिच्या नावाने चालतोय. कधीकधी वाटतं, सील पुन्हा चिरावं, आजच, या सिग्नलला. ते चिरत नाही. नेहमीच्या वापराने ठणठणीत राहिलंय.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडेही एखादी वस्तू कुणासाठी तरी राखून ठेवलेली असेल. तिचं आयुष्य ती वापरण्यात असतं, एवढंच सांगतो. ज्याला ती हवी आहे त्याला ती हवी असतानाच द्या. नंतर दिलेली त्याला झेपत नाही.

आणि तात्याराव, तुम्हाला माझं बोलणं ऐकू जाणार नाही, तरी सांगतो. प्रत्येक फेरीला तुम्ही माझ्या जाळीपुढे हात धरता आणि समाधानाने मान हलवता. मी ठीक आहे हो. माझी काळजी पुरे झाली. तोच हात शेजारी, तिच्या हातावर ठेवून बघा.