जेवढं ऐकलं, तेवढंच

कोर्टाचं पाकीट दारात आलं की घराचा चेहराच बदलतो. सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत योगिताच्या हातात ते पडलं, तेव्हा साडीला खडे चिकटवायचं काम बाजूला ठेवून तिने ते उघडलं.

साक्ष द्यायला बोलावणारी नोटीस होती. वर्षा नावाच्या आपल्या मुलीच्या ताब्याचा तिचा दावा चालू असताना एका न्यायाधीशांनी तिला भर कोर्टात सुनावलं होतं, "तुम्ही बाहेरून आलेल्या बाया नवरे टाकता आणि पोरं घेऊन पळता. तुझ्यासारखीला आई कोण म्हणेल?" योगिताने शपथपत्रावर तक्रार केली. प्राथमिक तपासानंतर उच्च न्यायालयाने आता रीतसर चौकशी लावली होती. ते न्यायाधीशही तिथे समोर बसणार होते.

"माझा दावा दुसऱ्या कोर्टात गेलाय खरा," ती भावाला म्हणाली, "पण जज जजचीच बाजू घेणार. माझी वर्षा काढून घेतील रे!"

वाल्मिक रिक्षा चालवायचा. तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, माझं ऐक. नुसतं बोलला म्हणून जजला कोणी हात लावत नाही. तुझ्या नवऱ्याकडून पैसे खाल्ले म्हणून सांग. मग बघ कसा सुटतो!"

"पण आपण पाहिलं कुठं?"

"सगळी गल्ली तेच बोलते."

योगिता रात्रभर विचार करत राहिली. खोटं बोलावं तर मन खाई, खरं बोलावं तर कोणी मानेल का, ही धास्ती. शेवटी दोघं जवळच्या उधना भागात वकील धनश्रीताईंकडे गेली. तक्रार त्यांनीच लिहून दिली होती.

वाल्मिकचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "भाऊ, उद्या कोणी म्हणालं, तुम्ही रिक्षात प्रवाशाला लुटलं, आणि गल्ली बोलते म्हणून पोलिसांनी ते खरं मानलं, तर?"

वाल्मिकने नकारार्थी मान हलवली.

"म्हणूनच चौकशीची रीत असते. आरोप लेखी द्यायचा, समोरच्याला उत्तर देऊ द्यायचं, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ द्यायची. आज तो हक्क त्यांचा आहे, उद्या तुमचाही असेल. आणि एक खोटं पकडलं गेलं, तर योगिताचं खरंही त्याच्याबरोबर बुडेल."

"मला बोलताच आलं नाही तर?" योगिताने विचारलं.

"आठवतं ते सांगायचं. नाही आठवत, तर नाही म्हणायचं. त्यात कमीपणा कसला?"

चौकशीच्या दिवशी वाल्मिक बाहेर थांबला. आत योगिताला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं. चौकशी करणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांनी तिला आधी पाणी द्यायला लावलं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, ते न्यायाधीश आज साध्या शर्टात, तिच्यासारखेच खुर्चीत बसले होते.

त्यांच्या वकिलाने विचारलं, "निकाल विरुद्ध जाईल म्हणून तुम्ही ही तक्रार केलीत ना?"

"नाही साहेब. निकाल विरुद्ध गेला असता तर अपील केलं असतं. तक्रार त्यांच्या बोलण्याची आहे."

"तुमच्या वस्तीत म्हणतात, साहेबांनी पैसे घेतले. तुम्ही पाहिलंत?"

एक 'हो' म्हटलं की योगिताला सगळा सूड उगवता येणार होता! तिने समोर बसलेल्या त्या न्यायाधीशाकडे पाहिलं. त्याच्याही कपाळावर घाम होता.

"नाही!" ती म्हणाली. "मी पाहिलं नाही, मला माहीत नाही. पण 'तुझ्यासारखीला आई कोण म्हणेल' हे मी माझ्या कानांनी ऐकलं. माझी पोर माझा पदर धरून उभी होती. तिनेही ऐकलं."

वकिलाने कागद मिटले आणि उलटतपासणी संपवली.

त्या दिवशी ते बोलणं ऐकलेला, पण आजवर साक्ष द्यायला टाळाटाळ करणारा कोर्टातला कारकूनही नंतर साक्षीला उभा राहिला आणि त्याने तेच शब्द सांगितले. काही महिन्यांनी त्या न्यायाधीशांचं गैरवर्तन सिद्ध झालं आणि उच्च न्यायालयाने त्यांच्यावर कारवाई केली. वर्षाच्या दाव्याचा निकाल मात्र बाकी होता. योगिताची धाकधूक संपली नव्हती, पण आता कोर्टाच्या पायऱ्या चढताना तिची मान खाली नसायची.

आणि वाल्मिक? रिक्षा स्टँडवर एकजण म्हणाला, "अरे, तो जज पैसेखाऊच होता."

"तू पाहिलंस?" वाल्मिकने विचारलं. "पाहिलं असशील तर शपथपत्र कर, मी येतो सोबत. नसशील पाहिलं, तर उगाच बोलू नको."

नागरिक बंधुभगिनींनो, न्यायाच्या खुर्चीवरचा माणूस चुकला तर दाद मागायची वाट आहे. भीतीपोटी ती सोडू नका! पण ऐकीव गोष्टींची भर घालून ती मळवूही नका. तुमच्या खऱ्यावर विश्वास बसायला हवा असेल, तर खऱ्याहून कणभरही जास्त बोलू नका.