तीन नंबरच्या मशीनमधलं पत्र

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. बजाजनगरातल्या सायबर कॅफेचं शटर बंद होतं आणि सूर्यभान हातात कुलूप उचकटायची लोखंडी टॉमी घेऊन कुलुपासमोर उभा होता.

साल २००२. त्याची मुलगी कस्तुरा आयटीआय झालेली. चितेगावच्या एका कारखान्यात तिनं अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र ई-मेलनं येणार होतं. तिच्यासोबत अर्ज केलेल्या मैत्रिणीला ते आलं होतं. मुलाखत आज बाराला, आणि पत्राची प्रत दाखवल्याशिवाय गेटच्या आत घेणार नव्हते. कॅफेवाला बद्रीनाथ मात्र लग्नाला पैठणला गेलेला.

"आप्पा, कुलूप नका तोडू," शेजारी उभी कस्तुरा म्हणाली.

"मग काय करू? पत्र आत तीन नंबरच्या मशीनमधी पडलंय. तिथंच अर्ज भरला व्हता ना तू?"

सूर्यभानचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. ज्या वाड्यात जनावर कोंडलं, त्याच वाड्यात ते सापडणार, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

शेजारच्या लीलाबाई दूध घेऊन चालल्या होत्या. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात केलेली.

"सूर्यभान, सकाळी सकाळी कुणाच्या दुकानावर दरोडा?"

त्यानं सगळं सांगितलं.

"तोडलं तरी आत पत्र नाय गावायचं," लीलाबाई म्हणाल्या. "ते लांब कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरात असतं. कुठल्याबी मशीनवरून हाक मारली की तारेनं समोर येतं. तुझी मेंढरं लोकाच्या रानात बसली तरी तुझ्याच हाकंला उठतात ना? तशी हाक म्हंजे पासवर्ड. कस्तुरा, तुझा काय हाय?"

"बद्रीभाऊंनीच टाकला होता. मला नाय माहीत."

"आन् तू विचारलं नाय?"

"मीच नको म्हणलं," सूर्यभान पुटपुटला. "त्याला वाटलं असतं, इस्वास नाय."

लीलाबाईंचा आवाज चढला. "विद्यापीठाच्या नामांतराची दंगल पेटली तवा मी एक्स्चेंजात फोन जोडायच्या बोर्डावर बसायचे. गावाकडं आपली माणसं जिती हायेत का, एवढं कळायला लोक तळमळायचे. ज्याच्या घरी फोन, तो सांगंल ते खरं. आता तार तुझ्या दारात आली, तरी तू दुसऱ्याच्याच तोंडाकडं बघतो?"

शटरवर बद्रीनाथचा मोबाइल नंबर होता. बूथवरून फोन लागला. बँडच्या आवाजातून तो ओरडला, "त्यात काय लपवायचं? सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेवलाय. बद्री एक दोन तीन. शंभर लोकायचे शंभर कसे ध्यानात ठेवू?"

शंभर घरांना एकच किल्ली!

दहा वाजता रांजणगावातल्या दुसऱ्या कॅफेत कस्तुराचं खातं उघडलं. न वाचलेली पत्रं ठळक अक्षरांत दिसत होती. कारखान्याचं पत्र साध्या अक्षरांत होतं. ती किल्ली ठाऊक असलेल्या कुणीतरी ते आधीच वाचलं होतं. पाठवलेल्या पत्रांत कालच्या तारखेचं उत्तरही होतं, तिच्याच नावानं: 'मी मुलाखतीला येऊ शकत नाही.'

कस्तुरा पत्राची प्रत छापायला सांगू लागली.

"आधी पासवर्ड बदल," सूर्यभान म्हणाला. "आन् मला बी सांगू नको." त्यानं पडद्याकडं पाठ केली. ज्या प्रश्नानं समोरच्याला वाईट वाटेल म्हणून त्यानं मुलीला गप्प बसवलं होतं, तोच न विचारलेला प्रश्न आज सगळ्यात महाग पडत होता.

आपल्यापैकी कितीजण असेच भिडेपोटी आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती देतात! यंत्र कसं चालतं हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. ते न विचारता वापरणारा माणूस ते समजणाऱ्याच्या मर्जीवर जगतो.

बाराला पाच कमी असताना रिक्षा चितेगावच्या गेटवर पोचली. यादीत कस्तुराच्या नावावर लाल रेघ होती. ते उत्तर तिचं नव्हे, हे लिहून दिलेला कागद आणि पत्राची प्रत घेऊन पहारेकरी आत गेला.

एक वाजला तरी तो बाहेर आलेला नव्हता; कस्तुरा गेटबाहेरच उभी होती.