प्रवाहाच्या बरोबरीने

रुद्राणीने साबणाचा रिकामा खोका फाडून दुकानाच्या फळीवर सपाट केला आणि त्यावर पेनने एक लांब बाण ओढला.

"हा प्रवाह," ती म्हणाली.

तिच्या वडिलांनी, रुद्रप्पांनी, चष्मा वर सरकवला. चौसाळ्याचा बाजार नुकताच उठला होता आणि सकाळपासून पोती हलवून त्यांचे खांदे गळून गेले होते. तरी त्यांनी तिला उद्यावर ढकललं नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यातली प्रवाळांची पाहणी सोमवारी सुरू होणार होती. पाण्याखाली उतरणाऱ्यांत रुद्राणी होती आणि कॉलेजला पालकांची सही हवी होती.

नऊ वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ अमरनाथ मामाच्या गावी, उमापूरला, कालव्यात बुडाला. एकोणीस वर्षांचा होता. तेव्हापासून घरात कुणी पोहण्याचा विषय काढला नव्हता. समुद्रात बुडी मारायला शिकल्याचंही रुद्राणीने पत्रानेच कळवलं होतं. त्या पत्राला उत्तर आलं नव्हतं.

ती नकार ऐकायच्या तयारीने आली होती. पण अप्पा एकेक गोष्ट विचारत गेले. किती खोल जायचं, हवा किती वेळ पुरते, सोबतीण दिसेनाशी झाली तर काय करायचं. ती सांगत गेली. दोघींनी खडकाच्या अलीकडे, प्रवाह येतो त्या बाजूला उतरायचं. दोरीला बांधलेला नारिंगी फुगा पाण्यावर तरंगत राहतो, तो बघत होडी मागून येते. चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं आणि सावकाश वर यायचं.

"आन् उतरल्या जागी परत कसं येतेत?"

"परत यायचंच नाही, अप्पा. पाणी नेईल तिकडे जायचं. उलटं पोहलं की दम संपतो."

रुद्रप्पांचं बोट बाणाच्या टोकावर थांबलं. मग ते हळूहळू मागे, बाणाच्या सुरुवातीकडे सरकलं.

"मी काठावरच व्हतो," ते म्हणाले.

रुद्राणीने मान वर केली. अप्पा पोचले तेव्हा सगळं संपलं होतं, एवढंच आजवर घरात ठाऊक होतं.

"मी हाका मारत व्हतो. इकडं ये, माझ्याकडं ये म्हणून. लई हात मारले त्यानं. माझं ऐकायचा तो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. रुद्रप्पांनी बाणावर बसलेली धूळ बोटाने पुसली.

"वाहू दिला असता तर?"

कालवा पुढे कुठे रुंद आणि संथ होतो आणि धुणं धुवायच्या पायऱ्या कुठे आहेत, ते रुद्राणीला माहीत होतं. ती पेनाचं टोपण लावत राहिली.

"कालव्याचं वेगळं असतं," ती म्हणाली. "तिथं काही केलं तरी..."



रुद्रप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं, कॉलेजचा संमतीचा कागद ओढला आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली. कागद मात्र लगेच दिला नाही.

"त्या होडीवाल्याला एक सांग," ते म्हणाले. "हाका मारू नको म्हणावं. नुसतं मागं राहा."