दोनशे बारानंतरचा आंबा

डहाणू तालुक्यातलं जंगल कोणी वाचवलं असेल, तर ते रानशेतच्या काकड्याने. म्हणजे, एक झाड वाचवलं. त्याआधीच्या दोनशे बारा झाडांवर तोडायचा नंबर त्यानेच घातला होता.

"दोनशे बारा, ऐनाचं झाड, घेर नव्वद," काकड्या ओरडला. जीपमध्ये बसलेल्या जतीन सर्व्हेअरने ते लिहून घेतलं. नव्या रस्त्यात जाणाऱ्या झाडाची साल तासायची, पांढरा पट्टा ओढायचा, त्यावर लाल आकडा घालायचा, हे काकड्याचं काम. नंबर नसलेल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, असा नियम.

पुढचं झाड ओढ्याकाठचा आंबा, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्या दुबेळक्यात, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात, ते बसलं होतं: घागरीएवढं घुबड, डोक्यावर पिसांचे दोन तुरे, एक पिवळा डोळा अर्धा उघडा.

बाकीची घुबडं उंदरांसाठी चोरपावलांनी उडतात. हे मासे-खेकडे खातं. माशाला पंखांचा आवाज ऐकू जात नाही, त्यामुळे हे खुशाल फडफडत येतं. पायांवर पिसं नाहीत. रोज पाण्यात उतरणाऱ्याने धोतर कशाला भिजवावं? काकड्याच्या लहानपणी ओढ्याच्या डोहाडोहावर एक जोडी होती. जुनी झाडं गेली, डोह आटले, आता हे एकटं उरलं होतं. काकड्याची बायको सुकी खेकड्यांसाठी सगळा ओढा पालथा घालते, पण आंब्याखालच्या डोहात हात घालत नाही. "तो त्याचा हाय," म्हणते.

काकड्याने ब्रश रंगात बुडवला. मग आंब्याला वळसा घालून पलीकडच्या काटकुळ्या सागावर देखणा २१३ काढला.

"अरे काकड्या, मोठो आंबो रही गयो काय?" जतीनने जीपमधूनच आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं.

"झाला, साहेब. दोनशे तेरा."

"नंबर कुठंय मग?"

"मागल्या अंगाला. पाण्यात उतराया लागंल."

जतीनने आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "असू दे. तू काय खोटं बोलणार?"

"तीस वर्सां नंबर घालतोय, साहेब."

हे खरं होतं. खोटं बोलायचा मात्र पहिलाच दिवस.

"पकडलं तर?" घरी सुकीने विचारलं.

"काम जाईल."

"मंग?"

"तुझ्यासंगं खेकडं धरीन."

"त्या डोहातलं नाय."

"नाय."

आठवड्याने तोडणारे आले. आंबा त्यांनी तीन बाजूंनी पाहिला, चौथी बाजू गुडघाभर पाण्यात उतरून पाहिली. "बिननंबरी हाय," मुकादम म्हणाला. "आपल्यावर केस होईल. सोडा." घुबडाने मान मागे फिरवून त्यांना जाताना पाहिलं. पुढे रस्ताही तिथे हातभर वाकडा गेला. जतीनला वाटलं, नकाशातच तसा असेल.

आंबा आजही उभा आहे. काकड्या जाता-येता सायकलवरून उतरून रिकाम्या दुबेळक्याकडे पाहतो आणि पुन्हा सायकलवर बसतो.

यादी झाडांची होती. डोहाला नंबर लागत नाही. एप्रिलमध्ये तो रस्त्यासाठी मुरूम टाकून बुजवला.