रोज बदलायची टेप

"माणसानं इथं शिरावं म्हणून कुणी हे टेबल बनवलेलं नाही," टेबलाखालून रुद्रेश पुटपुटला. तो लातूरहून आलेला इंजिनीअर. उमादेवी त्याच्या शेजारीच गुडघ्यांवर बसून बॅटरी धरून होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सर्व्हरच्या खोलीत परक्या माणसाचा आवाज येऊन बरेच महिने झाले होते. कुरकुर का असेना.

सूतगिरणी बंद पडून तिसरं वर्ष चालू होतं. हिशेब मिटेपर्यंत संगणकातली सगळी माहिती रोज टेपवर उतरवून ठेवावी, असा गिरणीचा कारभार गुंडाळायला सरकारनं नेमलेल्या अवसायकांच्या ऑफिसचा हुकूम. म्हणून उमादेवी येरमाळ्याहून रोज बसनं यायची, सोमवारची टेप काढून मंगळवारची घालायची. उतरायचं ते रोज तेच. गेटावरचा वॉचमन गुंडाप्पा तिला बघून म्हणायचा, "दिवाळीनंतर चालू होतीय म्हणत्यात." ती म्हणायची, "होईल की." मग दोघं चहा घ्यायचे. रविवारी मात्र ती दिवसभरात फक्त दूधवाल्याशी बोलायची.

टेपचा जुना ड्राइव्ह बिघडला, म्हणून रुद्रेश नवा घेऊन आला होता. सर्व्हरवरच्या युनिक्स सिस्टिमला त्याची ओळख पटवण्यात दुपार गेली. जुना काढून खिडकीत ठेवला, तरी यादीत त्याचंच नाव ठाण मांडून बसलेलं. ते पुसलं, तेव्हा कुठं नवा दिसला.

"आता बघा मॅडम," रुद्रेश गुडघे झटकत म्हणाला. "ह्या एकाच ड्राइव्हला दोन नावं आहेत. साध्या नावानं बॅकअप लावला, की काम झाल्यावर टेप आपोआप सुरुवातीपर्यंत मागं गुंडाळली जाते. मग उद्याचा बॅकअप आजचा पुसून त्याच्यावरच बसतो. म्हणून तुम्हाला रोज टेप बदलावी लागायची. शेवटी 'एन' असलेलं नाव दिलं, की टेप थांबली तिथंच राहते, उद्याचा त्याच्यापुढं. ही टेप मोठी आहे. महिन्यातून एकदा आलात तरी चालेल."

"बरंय की," उमादेवी म्हणाली. जुन्या ड्राइव्हची केबल तिनं गुंडाळली. गाठ नीट बसली नाही, म्हणून सोडून परत गुंडाळली.

गुंडाप्पा चहा घेऊन आला. दोघांना कप देऊन तो स्वतःचा हातात धरून दाराशीच उभा राहिला.

"एन लावू ना?" रुद्रेशनं विचारलं.

"मधेच टेप अडकली तर?" उमादेवीनं विचारलं. "इथं कोण असणार?"

"अडकली तर तुम्हाला मेल येईल."

"मेल," ती म्हणाली.

"साधंच नाव लावा," दारातून गुंडाप्पा म्हणाला.

रुद्रेश हसला. "मामा, यातलं तुम्हाला काय कळतंय? मॅडमना रोजचा हेलपाटा कशाला? गिरणी चालू झाली की येऊन बदलून देतो."

उमादेवीनं केबल पिशवीत घातली. आता 'होईल की' म्हणायची पाळी तिची होती. ती पिशवीचे बंद आवळत राहिली.

गुंडाप्पानं न प्यालेला कप खाली ठेवला.

"गिरणी आता चालू होत न्हाय, साहेब," तो म्हणाला. "बाईंनी रोज यावं, एवढंच हाय."